माणूस ओळखू यावा कसा



व्याख्यानमालेच्या चालकांचा निरोप आला तेव्हा आमची समजूत अशी झाली की, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलावयाचे असेल. पण ते म्हणाले, "त्यावर तुम्ही वर्षभर बोलताच. चेहरे कसे काढता ते सांगा." आम्ही चित्रकलेची एलिमेंटरीसुद्धा दिलेली नाही. संपाचे फलक रंगविता रंगविता हात वळला, आणि दौंडला रेल्वेतला कोणी सोबती निवृत्त झाला की निरोपाच्या सभेत त्याला त्याचेच चित्र द्यावयाचे, अशी वहिवाट पडली. तेव्हा जे सांगू ते कारागिराचे सांगणे समजावे, पंडिताचे नव्हे.

आरंभ एका फसलेल्या चित्रापासून करतो. काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातील एका कारखान्यात कंत्राटावरचा एक तरुण कामावर असताना दगावला. शोकसभेसाठी चित्र हवे होते. घरात त्याचा एकच बरा फोटो, तोही ठेकेदाराने दिलेल्या पासावरचा, तिकिटाएवढा. आम्ही त्यावर बारीक चौकटी आखल्या, कागदावर त्याच्या कित्येक पट मोठ्या चौकटी आखल्या, आणि दोन रात्री बसून एकेक चौकट उतरवून काढली. माप केसभरही चुकले नव्हते. सभेच्या आधी त्याच्या आईला चित्र दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "नाकडोळे त्याचेच हायेत, दादा. पर ह्यो आमचा न्हाई."

इतकी वर्षे माणसांत काढून आम्हांला माणूस काढता येत नव्हता, हे त्या दिवशी कळले. चूक कोठे झाली याचा शोध पुढे बरेच दिवस चालला. आज सांगणार आहोत ते त्या शोधात हाती लागलेले.

प्रथम मापाची गोष्ट. शिकाऊ माणूस डोळे हमखास फार वर काढतो. कपाळात आणि डोक्यात पाहण्यासारखे काही नाही असे मनाला वाटते, म्हणून हात त्यांना जागाच देत नाही. वस्तुतः टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावतो. भुवई आणि हनुवटी यांच्या मध्यावर नाकाचे बूड, आणि भुवई ते नाकाचे बूड एवढ्या पट्ट्यात कान. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत ही मापे घ्यावीत. कोपर वाकले की माप गेले.

हे कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण ही मापे सरासरीची आहेत, आणि सरासरी माणसाच्या घरी कोणी चित्र मागावयास येत नाही. मापे पाठ करावयाची ती समोरचा माणूस त्यांतून नेमका कोठे निसटतो हे धरण्यासाठी. आमच्या एका गँगमन सोबत्याचे नाक आणि वरचा ओठ यांतले अंतर इतके मोठे, की ते आम्ही भीतभीत थोडे कमी केले. चित्र देखणे झाले, आणि त्याला कोणी ओळखले नाही. पुन्हा बसविले, अंतर होते तसे ठेवले, तेव्हा दारातूनच पोरे त्याच्या नावाने ओरडली. माणसाला खूश करण्यासाठी त्याचा चेहरा सरासरीकडे ओढण्याची खोड आम्हांला फार दिवस होती. पुढाऱ्यांचे फलक रंगवून ती लागली असावी.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि येथे थोडे थांबावयास हवे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माणसाला बसविले तर डोक्यावर ट्यूब आणि दोन बाजूंना दोन खिडक्या. अशा उजेडात चेहऱ्याला उठाव येत नाही. वरचा दिवा तेवढा डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. एका खिडकीवर घोंगडी टाकावी, दिवा मालवावा, आणि उरलेला उजेड एका बाजूने, डोळ्यांच्या जरा वरून येऊ द्यावा. म्हणजे नाकाची एक बाजू, गालाचा खळगा, हनुवटीखालची सावली ही आपोआप वेगळी होतात. एकाच उजेडात केवढी ताकद असते हे पाहावयाचे असेल तर म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील सा. ल. हळदणकरांचे चित्र आठवावे. सावंतवाडीच्या या चित्रकाराने आपल्या मुलीला, गीताला, हाती समई देऊन उभे केले. ज्योतीवर धरलेल्या पंजातून लालसर उजेड झिरपतो, आणि सारे चित्र त्या एका ज्योतीवर चालते. लोक त्याला राजा रविवर्म्याचे समजतात, तैलचित्र समजतात. ते जलरंगातले आहे.

उजेड ठरला की डोळे किलकिले करून पाहावे. बारीकसारीक सगळे नाहीसे होते आणि सावल्यांचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. कोळशाने आधी ते तुकडे मांडावेत. त्यांत चेहरा ओळखू येत नसेल, तर वर पापण्यांचे केस काढून तो येणार नाही. डोळे, नाक, तोंड सर्वांत शेवटी. डोळ्याचे पांढरे कागदासारखे पांढरे ठेवू नये, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. वरचा ओठ बहुधा खालच्यापेक्षा गडद दिसतो, कारण तो खाली झुकलेला असतो. अधूनमधून चित्र आरशात पाहावे. डोळ्याला सवयीने दिसेनासा झालेला तिरकेपणा आरसा लगेच चुगली करून सांगतो.

इंग्रज वकील मॅलेट यांच्या काळात जेम्स वेल्स पुण्यास आला आणि त्याने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र रंगविले. दरबारी माणसांना बसावयास सवड असेल. आमचा माणूस रात्रपाळी करून येतो आणि खुर्चीवर बसला की फोटो काढून घेतल्यासारखा ताठ होतो. त्याला बोलते ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठू द्यावे, पण खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवाव्यात.

रंगाविषयी थोडकेच. बाजारात अंगरंगाची म्हणून गुलाबी नळी मिळते, ती घेऊ नये. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, एखादा तांबडा आणि पांढरा एवढ्यांत आपल्याकडचा कोणताही वर्ण साधतो. सावलीत काळा घातला की कातडे मेल्यासारखे दिसते. तेथे सिएना आणि निळा मिसळावा. टोपी घालणाऱ्या माणसाचे कपाळ वर उजळ आणि खाली रापलेले असते, आणि ती सीमारेषा पुसून टाकणाऱ्याने त्या माणसाची तीस वर्षांची नोकरी पुसली असे आम्ही समजतो.

आता त्या आईकडे परत जाऊ. पासावरचा फोटो समोरून झगझगीत उजेड टाकून काढलेला होता, म्हणजे सावल्या नाहीशाच. मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत आणखी एक खोट असते: नाक मोठे होते, कान मागे पळतात. चौकटींनी आम्ही त्या फोटोच्या खोटी तेवढ्या इमानाने मोठ्या केल्या होत्या. आणि पासासाठी त्याला मान सरळ धरावयास लावली होती. आईने सांगितले, "त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. बोलणाऱ्याकडं उजवा कान करून मान कलती ठेवायचा." हे कारखान्यातही कोणास ठाऊक नव्हते. नोकरी जाईल म्हणून त्याने लपविले होते.

पुण्यास बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत, एक पुरुषवेशातले, एक स्त्रीभूमिकेतले. आम्ही मोर्चानिमित्त पुण्यास गेलो की सवड काढून त्यांपुढे उभे राहतो. माणूस तोच. तेथे नाकडोळे पाहू नयेत, डोके, मान आणि खांदे एकमेकांवर कसे बसविले आहेत ते पाहावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही शिरूरला त्या घरी गेलो आणि आईलाच खिडकीशी बसविले. जबडा आणि गालाचे हाड त्याने तिचे घेतले होते. उजेड तिच्या चेहऱ्यावर कसा पडतो ते पाहून त्याच्या सावल्या मांडल्या, मान डावीकडे वळवून कलती केली, नाकडोळे फोटोवरून शेवटी. तिने पाहिले. "तोंड जरा येगळं हाय," म्हणाली, "पर असू द्या." पदराने काच पुसली आणि चित्र आत नेले. संघटनेच्या कचेरीत लावण्यासाठी ते मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तोंड अजून आमच्या मनासारखे जमलेले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आता बोलणे पुरे. चालकांना विनंती आहे की मंचावरचे मधले दिवे बंद करावेत आणि तो एक दिवा डाव्या बाजूला, जरा उंच धरावा. आपल्यापैकी कोणी तरी वर येऊन या खुर्चीवर बसावे. टोपी असली तरी चालेल, पण मग ती एकदा काढून दाखवावी लागेल.