उपकरणाची झोप आणि ड्रायव्हरची जबाबदारी



जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकच्या पंचक्रोशीत बॅटरीवर चालणारी यंत्रे आता शिवारापर्यंत पोचली आहेत. नारायणगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागांत पानांचा ओलावा मोजणारी हवामान केंद्रे लागतात, कारण पान किती तास ओले राहिले यावर केवड्याचा धोका ठरतो. उसाच्या फडाजवळ बिबट्याची ये-जा टिपायला कॅमेरे बसवले जातात. यांना विजेची तार नसते आणि बॅटरी बदलायला रोज बांधावर कोणी जात नाही. म्हणून आजच्या भाषणाला एकच विषय घेतला आहे: चालू यंत्रातला जो भाग या क्षणी कामाचा नाही त्याला झोपवायचे कसे आणि गरज पडताच नीट उठवायचे कसे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये या व्यवस्थेला रनटाइम पॉवर मॅनेजमेंट म्हणतात आणि तिचे यशापयश डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याच्या हातात असते.

आधी हिशेब. समजा, हवामान केंद्राचा सेन्सर जागा असताना ६० मिलिअँपिअर ओढतो आणि बॅटरी ३,००० मिलिअँपिअर-तासांची आहे. सतत चालू ठेवला तर ५० तासांत, म्हणजे दोन दिवसांत बॅटरी संपली. तोच सेन्सर दर दहा मिनिटांनी तीन सेकंद उठवला तर जागेपणीचा सरासरी खर्च ०.३ मिलिअँपिअरवर येतो. झोपेतला खर्च ०.२ धरला तरी एकूण अर्धा मिलिअँपिअर. बॅटरी आपली आपण उतरते तेवढे सोडले, तर हा मुक्काम ६,००० तासांचा, म्हणजे २५० दिवसांचा झाला. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचा हंगाम त्यात बसून वर दिवस उरतात. सेन्सर तोच, बॅटरी तीच. बदलला तो फक्त ड्रायव्हर.

पूर्वी झोप म्हणजे अख्ख्या संगणकाची झोप. लॅपटॉपचे झाकण मिटले की सगळे एकदम निजायचे. मोबाईलच्या जमान्यात ते पुरेना, कारण फोन जागा असतानाच त्यातला कॅमेरा, ब्लूटूथ, ध्वनीची चिप यांना स्वतंत्रपणे निजवणे भाग होते. राफाएल विसॉत्स्की यांनी उभी केलेली चौकट डिसेंबर २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत आली. पुढे ॲलन स्टर्न यांनी त्यात ऑटोसस्पेंडची भर घातली: काम संपताच झोपू नये, ठरलेला वेळ वाट पाहावी, तेवढ्यात नवे काम आले नाही तरच झोपावे. उठण्यालाही वीज लागते. दर अर्ध्या सेकंदाला वाचायच्या सेन्सरला मधल्या वेळात निजवणारा ड्रायव्हर कित्येकदा वाचवण्यापेक्षा जास्त उधळतो.

चौकटीच्या मुळाशी आहे एक साधा आकडा, वापराची मोजणी. ज्याला उपकरण हवे तो ‘गेट’ म्हणतो, आकडा एकने वाढतो. काम झाले की ‘पुट’, आकडा एकने कमी. शून्यावर आला की झोपेची वाट मोकळी. शिवाय नाती जपली जातात: एखाद्या बसवर, म्हणजे सामाईक तारांच्या जोडणीवर, चार सेन्सर असतील तर त्यांतला एक जागा असेपर्यंत बसचा कंट्रोलर झोपत नाही. हे सगळे लिनक्सचा गाभा सांभाळतो. ड्रायव्हरने फक्त गेट आणि पुट यांची जोडी कधी मोडू द्यायची नाही.

नेमकी तीच मोडते, आणि बहुधा एरर हाताळण्याच्या वाटेवर मोडते. पीएम रनटाइम गेट सिंक या फंक्शनची रीत अशी, की उपकरण उठले नाही आणि एरर परत आली तरी आकडा वाढलेलाच राहतो. ड्रायव्हरवाल्याला वाटते, उठलेच नाही तर परत काय करायचे? तो तिथूनच परततो, आकडा एकावर अडकतो आणि ते उपकरण पुन्हा कधी झोपत नाही. तक्रार कुठेच उमटत नाही, बॅटरी तेवढी लवकर उतरते. ही चूक इतकी पसरली होती की २०२० मध्ये, ५.१० या आवृत्तीत, पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट हे नवे फंक्शन आले. उठवणे फसले तर ते आकडा स्वतःच मागे घेते. पुढच्या वर्षी कॅमेरा आणि व्हिडिओच्या ड्रायव्हरांत मोठी साफसफाई झाली. नव्याने लिहिणाऱ्याने दुसरे ठोस कारण नसेल तर हेच वापरावे.

झोपवणे मात्र सोपे, अवघड आहे ते उठवणे. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रात्री लाईट येते, ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून तर महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असे सांगत असते. सर्किट बोर्डावरही उठण्याच्या क्षणी प्रवाहाचा झटका बसतो आणि क्रम चुकला की घोटाळा होतो. आधी वीजपुरवठा, मग क्लॉक, क्लॉक स्थिर होईपर्यंत थांबणे, मग रीसेट सोडणे, आणि सगळ्यात शेवटी रजिस्टरे, म्हणजे चिपच्या सेटिंग्जची खाती, पूर्ववत भरणे. वीज पूर्ण तोडली असेल तर चिप आपल्या सेटिंग्ज विसरलेली असते. ड्रायव्हरने त्यांची प्रत जपली नसेल तर सेन्सर आकडे देत राहतो, पण चुकीच्या मापाने. ओलाव्याचा असा खोटा आकडा पाहून शेतकरी फवारणी टाळेल, आणि केवडा तर बागेत शिरलेला असेल. उपकरण साफ बंद पडले असते तर निदान कळले असते.

इंटरप्टचीही, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला घातलेल्या हाकेचीही, पंचाईत आहे. एकच लाईन दोन उपकरणांत वाटलेली असली की शेजाऱ्याच्या हाकेने आपला हँडलर, म्हणजे हाकेला ओ देणारा कोड, चालतो आणि तो झोपलेल्या चिपचे रजिस्टर वाचायला जातो. पीसीआयवर अशा वेळी सगळे बिट एक असलेला निरर्थक आकडा मिळतो. काही चिपांवर बसच गोठते. शिवाय हँडलरच्या आत थांबता येत नाही, म्हणून उठेपर्यंत वाट पाहणारे फंक्शन तिथे चालत नाही. उपकरण जागे आहे का, हे तपासूनच हात लावायचा.

बिबट्याच्या कॅमेऱ्यात हे सगळे एका जागी दिसते. त्यातला उष्णता टिपणारा छोटा सेन्सर अगदी नगण्य विजेवर सतत जागा असतो, कॅमेरा निजलेला. समोरून ऊबदार काहीतरी हलले की कॅमेरा उठतो. उठायला उशीर लागला तर फोटोत नुसती शेपटी येते आणि वनखात्याला ठिपक्यांवरून जनावर ओळखता येत नाही.

आपल्याच भागातला आणखी एक प्रसंग. २००९ मध्ये शेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला, एक नर बिबट्या विहिरीत पडला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात त्याला सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने तो महाराष्ट्राला माहीत झाला. सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या वेशीवर पोचला, हे कळले ते त्या पट्ट्यामुळे. अशा पट्ट्यात उपग्रहांचे संदेश पकडणारा रिसीव्हर सर्वांत खादाड. तो सतत जागा ठेवला तर प्रवास अर्ध्यात असतानाच बॅटरी संपेल. फार वेळ निजवला तर जनावर कोणत्या वाटेने गेले तेच हरवेल. झोपेची लांबी किती ठेवायची, याचे उत्तर इथे चिपच्या डेटाशीटमध्ये सापडत नाही. बिबट्या रात्री किती चालतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे लागते.

खोडदच्या शेजाराचाही विचार करावा लागतो. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी ऐकतात. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आहेत, १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. आपल्या परिसरातले प्रत्येक चालू क्लॉक आणि प्रत्येक बिनतारी मॉड्यूल थोडाफार रेडिओ गोंगाट करते. काम नसताना क्लॉक बंद ठेवणारा ड्रायव्हर तो गोंगाटही थांबवतो. इथल्या शेतीयंत्रांसाठी लिहिणाऱ्यांनी हा फायदा वीजबचतीइतकाच मोलाचा मानावा.

तालुक्यातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक ठोस काम ठेवतो. पानांच्या ओलाव्याचा एखादा सेन्सर घ्या, ज्याचे डेटाशीट खुले आहे असा. त्याचा ड्रायव्हर लिहा आणि आधी झोपेशिवाय चालवा. मग झोप जोडा. लिनक्स प्रत्येक उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ते किती वेळ जागे होते आणि किती वेळ निजले याची नोंद ठेवतो, ती दर आठवड्याला वहीत उतरवा. टेबलावर हजार वेळा झोपवून उठवा, वाचन चालू असताना तार उपटा, बॅटरी मुद्दाम उतरवून पाहा, आणि दर वेळी वापराचा आकडा शून्यावर परततो का ते तपासा. एवढे झाल्यावरच तो ऑक्टोबर छाटणीला बागेत लावा आणि बागायतदाराने डोळ्यांनी पाहिलेला दवाचा अंदाज रोज सकाळी सेन्सरच्या आकड्याशेजारी लिहून घ्या.