बदलते ताट, वाढते विकार



परतवाडा म्हणजे मेळघाटाचा उंबरठा. धारणी-चिखलदऱ्याकडून उतरणारा कोरकू माणूस शहराला प्रथम भेटतो तो येथेच. डोंगरावर कुपोषण आणि खाली मधुमेह, अशी विभागणी करून बोलण्याची आपल्याला सवय झाली आहे. माझ्या मते ती फसवी आहे.

वऱ्हाडचे जुने ताट आठवा : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. मेळघाटात जोडीला कुटकी-कोदो. टंचाईच्या वर्षी हे ताट रिकामेही राहिले, याचा विसर पडू नये. परंतु त्यात कोंडा होता, डाळ होती आणि त्यामागे दिवसभराचे श्रम होते. पुढे सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र घटले. नगरात बैठे काम वाढले, मोटारसायकलने पायी चालणे संपविले. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी समोसा आणि संध्याकाळी मुलाच्या हाती पाच रुपयांचे पाकीट, असा क्रम रूढ झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. नवल असे की, अशा बारीक बाळांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. गर्भातच ओढाताण सोसलेल्या अशा शरीराला पुढे तेल, साखर आणि मैदा भरपूर मिळू लागला की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे मेळघाटातले दोन किलोचे बाळ आणि परतवाड्याच्या दवाखान्यातला चाळिशीचा रुग्ण हा एकच माणूस असू शकतो.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहेच, हे मी जाणतो. तरीही शाळाप्रवेशाच्या वेळी माता-बाल संरक्षण पत्रिकेतील जन्मवजन उतरवून घ्यावे आणि ते अडीच किलोहून कमी असल्यास त्या मुलाच्या उंची-वजनाकडे दरवर्षी लक्ष ठेवावे.

अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांनुसार अति तेलकट, गोड व खारट पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. टपरीवाला बहुधा आपल्याच गावचा असतो. त्याला हाकलून त्याचे पोट भरणार नाही. फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या आणि हंगामात आपल्याच अचलपूर भागातली संत्री, हे त्याला त्याच जागी विकता येईल. त्याच्याशी हे बोलणे पंचायत सदस्यांनी करावे.