बेकारभत्ता आणि पुराव्याचे ओझे



बेकारभत्त्याचा विषय निघाला की प्रथम रकमेची चर्चा होते. परंतु पात्रता सिद्ध करण्याचा भार कोणाच्या शिरावर, हा वादाचा खरा गाभा होय. ब्रिटनचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

ब्रिटनने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. जहाजबांधणी, यंत्रकाम, इमारतकाम अशा ठरावीक धंद्यांतील कामगारांसाठी त्यात आठवड्याला सात शिलिंग बेकारभत्ता ठरला. १९२० साली ही योजना बहुतेक कामगारांस लागू झाली; शेतमजूर व घरगडी तेवढे बाहेर राहिले. पुढे मंदी आली, अर्जदार वाढले, आणि मार्च १९२१ मध्ये वर्गणीच्या हक्कापलीकडील भत्त्यास एक अट जोडण्यात आली: अर्जदार मनापासून काम शोधीत असला पाहिजे. १९२४ साली, मजूर पक्षाच्याच राजवटीत, ती सर्व भत्त्यास लागू झाली.

वरवर पाहता अट रास्त दिसते. आळशाला पैसे का द्यावेत, असे कोणीही विचारील. पण मनातली तळमळ कचेरीच्या टेबलावर काढून कशी ठेवावी? जेथे खाणी व गोद्या ओस पडल्या होत्या, तेथेही कामगाराने आपण कोणकोणाची दारे ठोठावली याचा पाढा वाचावयाचा! काम नाही हे कचेरीला ठाऊक, त्यालाही ठाऊक. तरी पायपीट चुकत नसे. उत्तर पटले नाही की अर्ज बाद. पंचमंडळापुढे दाद मागता येई, पण पुराव्याचे ओझे तेथेही अर्जदाराच्याच पाठीवर. १९३० पर्यंतच्या नऊ वर्षांत जवळजवळ तीस लाख अर्ज या एका अटीखाली नाकारले गेले.

१९३० साली अट रद्द झाली. योग्य काम देऊ केले असता अर्जदाराने ते नाकारले, हे दाखविण्याची जबाबदारी कचेरीवर आली. मात्र १९३१ साली, वर्गणीचा हक्क संपलेल्यांसाठी, साऱ्या कुटुंबाची मिळकत तपासण्याचा नियम आला. एका दाराने घालविलेला संशय दुसऱ्या दाराने परतला.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली केंद्राने ग्रामीण भागासाठी तसाच कायदा केला. केंद्राच्या त्या कायद्यात पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता होता. पहिले तीस दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा. तेथे मनाची परीक्षा नव्हती, मागणीची तारीख पुरे होती. म्हणूनच तंटा पावतीपाशी येऊन अडे. तारखेची पावती नाही तर मागणी नाही. मागणी नाही तर भत्ता नाही.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्याच्यावर पुराव्याचा भार टाकणे म्हणजे हक्क देऊन काढून घेणे होय. नकार द्यावयाचा तर तो लेखी असावा, सकारण असावा, आणि त्यावर दाद मागण्याची वाट जवळ असावी. आणि अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने तारखेची पावती हाती पडल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये.