औषध कुठवर घ्यायचं?



एखादी सवय माणसाच्या हाडीमांसी खिळली, असं आपण सहज बोलून जातो. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंत. वैद्यकाशी माझा संबंध आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसण्यापुरता. पण रोगसुद्धा हाडीमांसी खिळतो, हे मला थोरल्या भावाच्या आजारपणात कळलं. ते आज तुमच्याशी बोलायचं आहे, कारण मधुमेह नाही असं घर आता शोधावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

भाईजान एसटीत ड्रायव्हर होते. मधुमेह जुना. या रोगात पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. रक्तपुरवठाही मंदावतो. त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली जखम झाली. वरून पाहता चवलीएवढीच. डॉक्टरांनी बोथट सळई हलकेच आत घातली, तर ती थेट हाडाला टेकली. पुढं एक्स-रे झाला, रक्त तपासलं. जंतू हाडात शिरले होते.

हाडातला जंतू चिवट का? औषध रक्तातून जातं. मेलेल्या हाडात रक्तच नसतं, मग औषध पोचणार कसं? शिवाय हे जंतू हाडाला चिकटून आपल्याभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. त्या थराआड औषधाची मात्रा पुरती चालत नाही. म्हणून पुष्कळदा सडलेलं हाड काढावं लागतं. भाईजानांचा अंगठा आणि त्यामागच्या हाडाचा थोडा भाग काढला. निघालेल्या हाडाची कल्चर तपासणी झाली. पायात जे हाड राहिलं, त्याच्या कापलेल्या टोकाचा बारीक तुकडाही वेगळा पाठवला. त्या तुकड्यात जंतू निघाले. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं प्रतिजैविक लिहून दिलं.

इथून घरात वाद सुरू झाला. भाईजान म्हणाले, "दोन-दोन महिने गोळ्या खाणारे बघितलेत मी. आपल्यालाच तीन आठवडे? गरीब बघून आवरतं घेतलं की काय?" त्यांची शंका मला वेडगळ वाटली नाही. आपल्याकडे जास्त औषध, त्यातही सुई, म्हणजे मोठा इलाज, असाच समज आहे. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "चाचा, पैशाकडे बघून दिवस कमी केलेले नाहीत. पायात काय उरलंय, ते बघून ठरवलेत."

तो हिशोब मी समजून घेतला. मधुमेही पायाच्या उपचारांविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी २०२३ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. बाधित हाड सगळं निघालं आणि भोवतीच्या मांसातही संसर्ग नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस औषध पुरतं. मांसात संसर्ग असेल तर साधारण एक ते दोन आठवडे. कापलेल्या टोकाशी हाडात जंतू सापडले, तर तीन आठवड्यांपर्यंत. आणि हाड न काढता नुसत्या औषधावर भिस्त असेल, तर सहा आठवडे. रोग एकच, मुदती वेगवेगळ्या.

स्वित्झर्लंडमध्ये ९३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर काहींना तीन आठवडे औषध दिलं, काहींना सहा. तीन आठवडेवाल्यांपैकी ८४ टक्के बरे झाले, सहावाल्यांपैकी ७३ टक्के. रुग्ण थोडे, त्यामुळे तीन आठवडे सरस असं म्हणता येत नाही. पण ते कमी पडले, असंही दिसलं नाही. सुईचंही तसंच. ब्रिटनमध्ये हाडासांध्यांच्या संसर्गाच्या हजाराहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, ती २०१९ साली छापून आली. पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधापेक्षा मागे पडल्या नाहीत.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिन मिळणं हीच मोठी गोष्ट होती. आज चिंता वेगळी आहे. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेलं औषध पोट बिघडवतं. काही औषधं मूत्रपिंडाला जड जातात, आणि मधुमेह्याचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. शिवाय जंतू निर्ढावतात. उलट बाजूला, जखम सुकलेली दिसली म्हणून दहाव्या दिवशीच गोळ्या बंद करणारेही आहेत. तेही तितकंच वाईट.

बाविसाव्या दिवशी भाईजान दुकानातून आणखी एक पाकीट आणायला निघाले, तेव्हा भाभींनी अडवलं. म्हणाल्या, "चिठ्ठीवर तारीख लिहिलीय. त्यापुढं डॉक्टर सांगतील तेव्हाच."

गोळ्या थांबल्या, तरी पायाची देखभाल थांबत नाही. साखर आटोक्यात हवी, जखमेवर भार पडू नये, पायाचं रक्ताभिसरण तपासून घ्यावं. औषध संपल्यानंतर निदान सहा महिने पाहिल्याशिवाय रोग गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत. भाईजानांची जखम भरली आहे, पण ते सहा महिने अजून पुरे व्हायचे आहेत.

आमच्याकडे नमाजाआधी वजू करताना पाय धुतात. जखम ओली होती तोवर पाणी टाळायचं होतं. त्याला धर्मात सवलत आहे, हे मशिदीतल्या मौलवींनीच भाईजानांना सांगितलं. आता पाय धुतला की ते बोटांमधली फट कोरडी पुसतात आणि आरशात तळवा पाहतात. देवपूजेआधी पाय धुणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना न संकोचता चार गोष्टी विचारा. बाधित हाड सगळं निघालं का? टोकाचा तुकडा तपासायला दिला का? औषध कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचं? आणि पाय पुन्हा दाखवायला कधी यायचं? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा.