विद्यापीठातील अर्थविचार आणि घरातील चूल



विद्यापीठात समग्रलक्षी अर्थनीतीवर परिषद भरल्याची बातमी आली की बहुतेक वाचक पान उलटतात. चलनपुरवठा, राजकोषीय तूट, विनिमयदर हे शब्द सभागृहाच्या चार भिंतींतच राहतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु देशाचे एकूण उत्पन्न, किमती आणि रोजगार यांचा विचार करणाऱ्या या शास्त्राचा अखेरचा हिशेब वाण्याच्या दुकानात होतो. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाचा इतिहास पाहिला म्हणजे हे विधान पटण्यास अडचण पडू नये.

हा विभाग १९२१ साली सुरू झाला. चंदुलाल नगीनदास वकील, दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद अशा विद्वानांनी तो नावारूपास आणला. परकीय ग्रंथांतील सिद्धान्त पाठ म्हणून दाखविण्यात या मंडळींनी समाधान मानले नाही. भारतातील शेतकरी, कामगार आणि पगारदार यांची स्थिती समोर ठेवून सिद्धान्त तपासावा, ही त्यांची शिस्त होती.

या शिस्तीची पहिली मोठी कसोटी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी लागली. प्रा. महालनोबिस यांच्या आराखड्याचा भर अवजड उद्योगांवर होता. वकील आणि ब्रह्मानंद यांनी १९५६ साली ग्रंथ लिहून वेगळा विचार मांडला. शेतीत अर्धपोटी राबणाऱ्या माणसाला दुसऱ्या कामावर न्यायचे, तर प्रथम त्याच्या अन्नवस्त्राची तरतूद हवी. धान्य आणि कापड यांसारख्या ‘वेतनवस्तू’ हेच गरीब देशाचे खरे भांडवल होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी १९५५ साली गुजरात विद्यापीठाचे प्रा. बी. आर. शेणॉय यांनी सरकारने नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली होती. बचतीच्या मर्यादेबाहेर जाऊन तुटीच्या अर्थभरणावर योजना उभी केली, तर चलनवाढ अटळ आहे, हा त्यांचा इशारा होता. योजनेत तुटीच्या अर्थभरणाची रक्कम १२०० कोटी रुपये धरलेली होती.

बहुमताचा कौल योजनेच्या बाजूने पडला. पुढे काय घडले, हे सर्वविदित आहे. १९५७ पासून परकीय चलनाची तीव्र टंचाई जाणवू लागली. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हासाठी हात पसरावा लागला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. यास युद्धे आणि अवर्षण हीही कारणे होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण इशारा वेळेवर दिला गेला होता आणि तो विद्यापीठातून आला होता, ही गोष्ट विसरता येणार नाही.

दुसरी कसोटी सत्तरच्या दशकातील. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. त्याच वर्षी मुंबईतील गृहिणी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखालील लाटणे मोर्चा आजही जुन्या मुंबईकरांच्या स्मरणात आहे. पाठोपाठ ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काळात खनिज तेलाचे दर जवळपास चौपट झाले. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमतींची वार्षिक वाढ तीस टक्क्यांच्या वर पोहोचली. ज्याचा पगार तोच राहिला, त्याच्या ताटातील जवळजवळ चौथा हिस्सा कोणताही कर न लावता काढून घेतला गेला. चलनवाढ ती हीच.

अशा वेळी वकील आणि ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने देशातील सुमारे १४० अर्थतज्ज्ञांनी १९७४ साली पंतप्रधानांना निवेदन दिले. ‘सेमीबॉम्बला’ या विचित्र नावाने ओळखली गेलेली त्यांची योजना कठोर होती. बाजारात वस्तूंपेक्षा पैसा अधिक झाला आहे, सबब त्याचा काही भाग रोख्यांत आणि गोठविलेल्या ठेवींत अडकवावा, असे तिचे सूत्र होते. सरकारने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. तथापि जुलै १९७४ मध्ये वेतनवाढीची संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत वळविणारा अध्यादेश निघाला, लाभांशावर मर्यादा आली आणि रिझर्व्ह बँकेने बँकदर सात टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर नेला.

त्या वर्षाच्या शरदऋतूपासून किमती उतरू लागल्या. १९७५-७६ मध्ये तर घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा खाली आल्या. त्यास चांगल्या पावसाचाही हातभार लागला. आणीबाणीमुळे स्वस्ताई झाली, असे पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. आणीबाणी लादली गेली २५ जून १९७५ रोजी, आणि किमतींचा उतार त्यापूर्वी काही महिने सुरू झालेला होता. आकडे तारखेसह लक्षात ठेवले, म्हणजे प्रचाराला बळी पडावे लागत नाही. नागरिकाने अर्थशास्त्र वाचावे, याचे हे एक कारण पुरेसे आहे.

मात्र याच घटनेची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता कामा नये. औषध लागू पडले, पण त्याचा कडू घोट प्रामुख्याने कोणी घेतला? ज्याचे उत्पन्न पगारपत्रकावर उघड दिसते, त्याने. काळ्या पैशाच्या तिजोऱ्यांना पगारपत्रक नसते. लाटणे घेऊन निघालेल्या भगिनीचा प्रश्न आणि प्राध्यापकांचे निवेदन यांचा विषय एकच होता. तरी या दोन प्रवाहांची भाषा एक झाली नाही, आणि भार कोणी किती उचलावा हा प्रश्न त्या फटीत हरवला.

त्यानंतर देशाने बरेच काही शिकून घेतले. तूट भरून काढण्यासाठी सरकारने रिझर्व्ह बँकेकडून हवी तेव्हा उचल घेण्याची तदर्थ हुंड्यांची पद्धत १९९७ साली संपली. २००३ साली राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा आला. २०१६ साली चलनवाढीचे चार टक्के, अधिक-उणे दोन टक्के, हे उद्दिष्ट कायद्याच्या चौकटीत ठरले आणि व्याजदराचा निर्णय सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे गेला. तिच्यातील पहिले तिन्ही बाहेरचे सदस्य, चेतन घाटे, पमी दुआ आणि रवींद्र ढोलकिया, अध्यापनक्षेत्रातून आले होते. प्रत्येक सदस्याचे मत आणि त्याची कारणे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. सलग तीन तिमाही उद्दिष्ट चुकले, तर बँकेला सरकारपुढे लेखी कारणे द्यावी लागतात. तशी वेळ २०२२ साली आली. १९५५ मध्ये शेणॉय यांना जे एकाकीपणे करावे लागले, त्या भिन्नमतास अशी कायद्यात जागा मिळाली आहे.

म्हणून विद्यापीठीय परिषदांचे मोल उद्घाटकाच्या पदावरून किंवा वाचलेल्या निबंधांच्या संख्येवरून ठरवू नये. तेथे विरोधी मताची नोंद होते काय, सुचविलेल्या उपायाचा भार कोणावर पडेल हे स्पष्ट सांगितले जाते काय, आणि झालेली चर्चा मराठीतून समाजापर्यंत पोहोचते काय, हे पाहावे. यातील अखेरची जबाबदारी केवळ प्राध्यापकांची नाही. गावोगावच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविणारे शिक्षक, सहकारी बँकांतील कार्यकर्ते, व्याख्यानमालांचे संयोजक यांनी मनावर घेतले, तर पतधोरण समितीचे इतिवृत्त सोप्या मराठीत घरोघरी वाचले जाणे अशक्य नाही.

घर चालविणाऱ्या गृहिणीला तुटीचे अर्थशास्त्र अनुभवाने कळलेले असते. तिला कळते ते शब्दांत मांडून राज्यकर्त्यांपुढे निर्भयपणे ठेवणे, हे विद्यापीठाचे काम आहे. विद्यापीठ ते करते की नाही, यावर जागता पहारा ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे.