‘नको’ म्हणणाऱ्याला आधी विचारा



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आपल्याकडे घरातला शिकलेला मुलगा दवाखान्यात पुढे केला जातो. डॉक्टर त्याला सांगतात, “पेशंट ऐकत नाहीत, तुम्ही समजावा.”

माझ्या खालाला इन्शुलिन सुरू करायला सांगितलं. ती म्हणाली, नको. खालू चिडले, मुलं रडली. पण का नको, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी माझ्या बहिणीने तिच्याजवळ बसून विचारलं. तीन कारणं निघाली. शेजारणीला इन्शुलिन लागलं आणि पुढे पाय कापावा लागला, म्हणजे पाय इन्शुलिननेच गेला, असा तिचा समज. दुसरं, रोजे सुटतील. तिसरं, मुलावर खर्चाचा बोजा.

तिन्हींवर बोलता येत होतं. पाय जातो तो वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेमुळे. इन्शुलिन ती साखर आवरतं. रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटलं, तर रोजा झेपेल का आणि डोस कसा बदलायचा, हे ठरवता येतं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत तर कुराणानेच दिली आहे. आणि बाटलीतलं साधं इन्शुलिन पेनपेक्षा स्वस्त पडतं. खालाने आठवडाभर विचार केला, मग हो म्हणाली.

आमच्या कामात प्रोग्रॅम अडला की तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत नाहीत, एरर मेसेज वाचतात.

सगळं समजूनही कुणी ‘नको’ म्हटलं तर? तो तिचा हक्क आहे. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ठरवलं. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने सज्ञान, निर्णयक्षम माणसाचा उपचार नाकारण्याचा हक्कही मान्य केला. आपल्या घरात मात्र अम्मीच्या कागदावर भाईजान सही करतात.

अर्थात साखर एकदम उतरून माणूस बरळत असेल, तर ते ‘नको’ खरं नव्हे. तिथे आधी जीव वाचवायचा. आणि शुद्धीतला नकारही कायमचा धरू नये. एक औषध नाकारलं म्हणून बाकीची देखभाल थांबत नाही. पुढच्या भेटीत पुन्हा विचारावं, न रागावता.

पुढच्या वेळी अम्मीला किंवा दादीला दवाखान्यात न्याल, तेव्हा डॉक्टरांना म्हणा, “त्यांनाच विचारा.” आणि त्यांची इच्छा असेल, तर पाच मिनिटं बाहेर थांबा.