डोंगराआडचा विद्यार्थी

शहरांतील घरीं इंटरनेट बंद पडलें, तर घटकाभर चिडचिड होते. मग कोणी शेजाऱ्याकडे जातो, कोणी एखादें दुकान गांठतो, आणि काम उरकतें. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत राजूरच्या आसपास मात्र तीच गोष्ट एखाद्या विद्यार्थ्याच्या सबंध वर्षाचा निकाल लावूं शकते. हा फरक शहरवासीयांच्या सहसा ध्यानीं येत नाहीं.

राजूर हें आदिवासी मुलुखांतील बाजाराचें गांव. तेथें शाळा आहेत, महाविद्यालय आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालयही आहे. परंतु तेथून पश्चिमेस भंडारदऱ्याकडे वळलें कीं, रस्ता डोंगरांच्या कुशींत शिरतो. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर याच बाजूस आहे. मोबाईलच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें कातळाचा डोंगर आला, तर त्याच्यामागें उन्हांत जशी सावली पडते, तशीच या लहरींचीही पडते. त्या सावलींतल्या वाडीला 'रेंज' मिळत नाहीं. पावसाळ्यांत वीज फार वेळ गेली, म्हणजे मनोऱ्याच्या बॅटऱ्या संपतात, आणि जेथें रेंज असते तेथूनही ती नाहींशी होते.

मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें शाळांना कुलुपें लागलीं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली आणि धडे मोबाईलवर येऊं लागले. परंतु २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत देशांतील ग्रामीण कुटुंबांपैकीं शेंकडा १५ कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. तेव्हां जुनीं साधनें उपयोगीं पडलीं. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' भरूं लागली. या साधनांचें मोल मोठें, तरी त्यांत एक उणीव आहे. तीं बोलतात, पण ऐकत नाहींत. मुलाला अपूर्णांकाचें गणित अडलें, तर तें विचारावें कोणास? तो प्रश्न ऐकण्यासाठीं अनेक ठिकाणीं शिक्षक पायीं वाड्यावस्त्यांवर गेले आणि झाडाखालीं चार-चार मुलें बसवून शिकवूं लागले.

शाळा पुन्हां उघडल्या, पण अडचण संपली नाहीं. तिनें रूप मात्र बदललें. पूर्वीं धडा अडत होता, आतां अर्ज अडतो. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत इंटरनेटवरून होऊं लागले. त्याआधीं ही रीत मोठ्या शहरांपुरती होती. हेतु चांगलाच आहे. गुणांप्रमाणें जागा मिळावी, वशिल्यास वाव राहूं नये. परंतु आपल्याच गांवच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या मुलासही आतां हाच मार्ग. शिवाय पहिल्या पसंतीची जागा मिळूनही जो मुदतींत प्रवेश घेत नाहीं, तो पुढच्या नियमित फेऱ्यांतून वगळला जातो. डोंगराआडच्या मुलाचें मौन हा त्याचा नकार समजला जातो. वस्तुतः त्याला निरोपच पोंचलेला नसतो.

अर्जासाठीं मोबाईलवर एक सांकेतिक अंक येतो. 'ओटीपी' या नांवानें तो सर्वांस ठाऊक आहे. थोड्याच मिनिटांत तो बाद होतो. या भागांतील कित्येक कुटुंबें जुन्नर तालुक्यांत नारायणगांवास मजुरीसाठीं जातात. घरांत मोबाईल एकच असला, तर तो वडिलांच्या खिशांत. मुलगी राजूरच्या दुकानांत संगणकासमोर बसलेली, आणि अंक आलेला नारायणगांवच्या मळ्यांत! यांत तिच्या बुद्धीचा किंवा कष्टांचा काय दोष?

इंटरनेट वापरतां येणें हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१९ मध्यें एका वसतिगृहाच्या प्रकरणांत दिला. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारनें सेवा न पोंचलेल्या २४,६८० गांवांसाठीं ४जी योजना मंजूर केली. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु हक्क मान्य होणें निराळें आणि वाडीवर रेंज येणें निराळें. मधल्या काळांत दहावी झालेल्या मुलांनीं काय करावें?

उपाय फारसे खर्चाचे नाहींत. शाळेंतच कागदी अर्ज घ्यावा आणि तो संगणकांत भरण्याचें काम शाळेनें पत्करावें. मुदत ठरवितांना पावसाचे आणि वीज जाण्याचे दिवस हिशेबांत धरावे. ज्याचें उत्तर आलें नाहीं, त्याला वगळण्यापूर्वीं त्याच्या शाळेकडे एकदां विचारणा व्हावी. शाळेच्या संगणकावर धडे साठवून ठेवले, तर रेंज नसली तरी ते पाहतां येतील.

असे नियम ज्यांच्या हातून लिहिले जातात, ते बहुधा शहरांतच राहतात. कित्येक तर आजच्या श्रोत्यांपैकींच असतील. पुढच्या वेळीं अर्जाची शेवटची तारीख लिहितांना त्यांनीं नारायणगांवच्या मळ्यांत वाजलेला तो मोबाईल आठवावा.